टेकडीवरची मतं

रविवारी सकाळी भाऊ आत्याला आणायला निघाला, तेव्हा राज्यभरची मोजणी आटोपली होती आणि त्याचा थोरला भाऊ, दादा, एकोणीस मतांनी पुढे होता. संसदेत जाणारी राज्याची एकच जागा, लाखांनी मतं, आणि फरक असा की तेवढी माणसं घरच्या लाकडाच्या वखारीच्या गाडीत मागे सहज बसली असती. आता फक्त पासष्ट लिफाफे उघडायचे राहिले होते. ते टपालाने आले होते, टेकडीवरच्या वृद्धनिवासातून. त्यांतला एक आत्याचा होता.

ती फाटकापाशीच उभी होती. काठी हातात, पर्स काखेत. कुणी आपल्याला न्यायला येणार म्हटलं की ती आधीच तयार होऊन बसे. वखारीचं कार्यालय तिने तीस वर्षं सांभाळलं तेव्हाही असंच होतं. लाकडाचा ट्रक यायच्या आधी ही दारात. दोन वर्षांपूर्वी दादा आणि भाऊ या दोघांनी वखारीचा नदीकडचा अर्धा भाग विकला आणि महिन्याभरात आत्या इथे राहायला आली. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं भाऊला अजून वाटे. बोलावलं की ती जेवायला येई, आणि अंधार पडायच्या आत परत जाई.

"आज काय विशेष?" गाडीत बसता बसता तिने विचारलं.

"विशेष कशाला हवं? जेवायला ये म्हटलं."

"एरवी ड्रायव्हर येतो. तू स्वतः आलास म्हणजे पोटात काहीतरी आहे. ओक."

भाऊने जेवायला बसल्यावर विषय काढायचा असं ठरवलं होतं. पण पहिलं वळण संपताच त्याने सगळं सांगून टाकलं. टपालाचं मत साक्षीदारासमोर बंद करायचं असतं आणि साक्षीदाराने लिफाफ्यावर सही करायची असते. या पासष्ट लिफाफ्यांवर सही नाही, नुसता निवासाच्या मेट्रनबाईंचा शिक्का आहे. आज संध्याकाळी पाचच्या आत दादाने आपल्या सहीने हरकत घेतली तर ते उघडले जाणार नाहीत.

"आणि उघडले नाहीत तर दादा निवडून येतो."

"येतो."

"उघडले तर?"

"टेकडीवर आपल्याला कोण मत देतंय, आत्या. सगळे त्या डॉक्टरीणबाईंचे."

दादाच्या विरोधात उभी होती ती गुरांची डॉक्टर. गावोगाव गाडी घेऊन हिंडणारी, मोठ्या आवाजाची बाई. वृद्धनिवासाच्या मांजरांना ती फुकट लस टोचून जायची, म्हणून तिथे तिचा शब्द चाले, असं भाऊचं मत होतं. आत्याला ते मान्य नव्हतं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

"मग माझं काय काम?" तिने विचारलं.

"वकिलांना तुला एवढंच विचारायचंय, की त्या दिवशी मेट्रनबाई समोर होत्या का."

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. उताराच्या दोन्ही बाजूंना घरं सुरू झाली होती. एका गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं.

"जेवायला काय आहे?" ती म्हणाली.

"मासे."

"काटे काढून ठेवलेत का? माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

*

दादाच्या बायकोला घरात सगळेच वहिनी म्हणत, आत्यासुद्धा. तिने मासे भाजून काटे काढून ठेवले होते. ते तिने कुणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं. औषधांच्या दुकानात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणाला काय झेपतं ते न विचारता कळतं. आत्याशी तिचं फारसं जमत नसे, पण न जमण्याचा आणि काट्यांचा संबंध नव्हता.

वखारीमागच्या या खोलीत एकाच खोडाच्या फळीचं लांब टेबल होतं. रविवार असल्याने करवती बंद होत्या, पण लाकडाचा वास होताच. तो भिंतींतच मुरला होता. एका टोकाला दादा बसला होता. आठ महिन्यांच्या प्रचाराने त्याचा आवाज बसला होता आणि सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्याच्या शेजारी पक्षाचे वकील. त्यांना सर्दी झाली होती, तरी जेवणावर त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं.

"आधी जेवा," वहिनी म्हणाली. "लिफाफे कुठे पळून जात नाहीत."

"पाचनंतर पळतील," वकील म्हणाले आणि बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

आत्याने पहिला घास घेतला, मासा चांगला झालाय म्हणून सांगितलं, आणि मग आपणच विषयाला हात घातला.

"विचारा, वकीलसाहेब. मला जेवणावर टांगती तलवार नको."

वकिलांनी नाक पुसलं. "आजी, तुम्ही मत दिलंत त्या दिवशी मेट्रन तिथे होत्या?"

"नव्हत्या. खालच्या खोलीतले बोटीवरचे कप्तान त्या सकाळी जायला टेकले होते. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं, त्या तिथे बसल्या. शिक्का आमच्या टेबलावर ठेवून गेल्या. आम्ही आपापले लिफाफे बंद केले आणि आपापले शिक्के मारले. माझा उलटा उमटला."

भाऊला हसू आलं, ते त्याने पाण्याच्या घोटात लपवलं.

"हेच तुम्ही लिहून द्याल?"

"विचारलंत तर देईन. खोटं कशाला बोलू?"

वकिलांनी काटा खाली ठेवला. माणूस कामाला पक्का होता, पण लबाड नव्हता. "एक सांगायला हवं. त्यात तुमचं स्वतःचं मतही बाद होईल."

"ते कळतं मला. त्याने तुमचं काही बिघडत नाही." आत्याने पाव मोडला. "मी दादाला मत दिलेलं नाही."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात ग्लासापर्यंत गेला होता, तिथेच राहिला. या बाईने त्याला वाढवलं होतं. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि त्यानंतर त्याचे ताप, त्याच्या शाळेच्या सभा, त्याची पहिली नोकरी, सगळं आत्याने निभावलं.

"का?" भाऊने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, चाळिशी उलटलेल्या माणसाचा.

"कौन्सिलात नदीपलीकडचा दवाखाना बंद करायचा ठराव आला तेव्हा याने हात वर केला. मी त्याच दिवशी याला सांगितलं, पुढच्या वेळी माझं मत धरू नकोस. याने धरलं असेल तर ती याची चूक."

"धरलं नव्हतं," दादा म्हणाला.

"पण वाटत होतं."

"हो. वाटत होतं."

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की वहिनीने आपलं ताट बाजूला सारलं. निवडणुकीला तिचा पहिल्यापासून विरोध होता. नवरा राजधानीत आणि आपण इथे, हे तिला नको होतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. आज टेबलाभोवतीचा प्रत्येक जण धरून चालला होता की ती गप्प बसेल.

"हरकत घ्या," ती म्हणाली.

भाऊने मान वर केली.

"माझ्या दुकानात चिठ्ठीवर डॉक्टरांची सही नसेल तर मी औषध देत नाही," वहिनी म्हणाली. "समोरचा माणूस ओळखीचा असो, रडत असो. मला वाईट वाटतं, पण देत नाही. कारण आज एकाला दिलं तर उद्या नाही म्हणायला मला तोंड राहत नाही. इथे सही नाही. मग विचार कसला करायचाय?"

"वहिनी, तूच म्हणत होतीस ना की—"

"मी काय म्हणत होते ते मला माहीत आहे, भाऊ. मी म्हणत होते उभे राहू नका. उभे राहिल्यावर पडा, असं मी कधी म्हटलं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "डॉक्टरीणबाई तुमच्या जागी असत्या तर त्यांनी काय केलं असतं?"

"हरकत घेतली असती," वकील म्हणाले. "मी त्यांच्या वकिलांना ओळखतो."

"बघा. आणि तुम्ही नाही घेणार, हे मला तुमच्या तोंडावर दिसतंय. का, तर आत्याबाई इथे बसल्यात म्हणून. लग्न झाल्यापासून बघतेय. आत्याला काय वाटेल. नदीकडची जमीन विकली ती एकदाच माझं ऐकून, आणि त्यावरून तुम्ही अजून तोंड पाडून बसलात."

एवढं बोलून झाल्यावर ती थांबली. हे आत्यासमोर पहिल्यांदाच निघालं होतं. जमीन विकावी हे तिचं म्हणणं होतं, हे आत्याला ठाऊक नव्हतं.

आत्याने पाव खाऊन संपवला. तोंड पुसलं.

"वहिनी बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून ठरवू नकोस, दादा. मला वाटायचं तू माझ्यावरचा राग म्हणून जमीन विकलीस. नुसता हिशेब म्हणून विकली असेल तर ते मला चालतं." मग वकिलांकडे वळली. "कागद आणा. कुठे लिहायचं ते दाखवा. सही मात्र मोठ्या अक्षरात करीन, चष्मा विसरलेय."

*

वकील कागद आणायला पुढच्या खोलीत गेले, तसा भाऊ उठून मागच्या दाराने वखारीत आला. त्याला श्वास घ्यायचा होता.

ओंडके रांगेने पडले होते. बाजूला कापलेल्या फळ्यांच्या थप्प्या, मध्ये हवा खेळावी म्हणून पट्ट्या घातलेल्या. तो एका ओंडक्यावर बसला. आठ महिने त्याने दुसरं काही केलं नव्हतं. सभा, गाड्या, फलक, रुसलेले कार्यकर्ते, त्यांच्या बायका. दादा निवडून आला तर वखार पूर्णपणे आपल्या हाती येईल, हेही त्याने मनात धरलं होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं. दादानेच ते सुचवलं होतं. टेकडीवर गाडी घेऊन जायची कल्पना त्याची. आत्याला विचारायची कल्पनाही त्याचीच. ती नाही म्हणेल, चिडेल, त्याला चार शब्द सुनावेल, याची त्याने तयारी ठेवली होती. ती कागद मागेल याची नव्हती.

दादा येऊन त्याच्याशेजारी बसला. लहानपणी दोघे असेच बसत, पाय हलवत, फक्त तेव्हा पाय जमिनीला टेकत नसत.

"लिहितेय?" भाऊने विचारलं.

"लिहितेय. वकिलांना शुद्धलेखन सांगतेय."

दोघेही थोडं हसले.

"राहू दे दादा," भाऊ म्हणाला.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस हे?"

"मीच. मला वाटलं होतं ते पासष्ट लिफाफे आहेत. वकील लिफाफे लिफाफे म्हणतात, मीही तेच म्हणत होतो. ती आत म्हणाली ना, माझा शिक्का उलटा उमटला, तेव्हापासून मला ते टेबल दिसायला लागलंय. सगळे म्हातारे बसलेत, खाली एक जण मरतोय, आणि हे आपले लिफाफे चिकटवतायत. त्यांना बाहेर काढून तुला आत पाठवायचं म्हणजे... मला नाही सांगता येत."

"वहिनीचं म्हणणं चुकीचं नाही."

"नाहीच. म्हणून तर अवघड आहे."

दादाने ओंडक्याची सुटलेली साल नखाने सोलली. त्याला खरं तर ही जागा फार हवी होती. लोकांना वाटे त्याला मानासाठी हवी आहे. बायकोला वाटे घरापासून लांब जायला हवी आहे. त्याला ती हवी होती कारण आयुष्यभर तो दुसऱ्याने सुरू केलेलं चालवत आला होता. वखार आजोबांची, शिस्त आत्याची, कौन्सिलातली जागा पक्षाने दिलेली. ही एक गोष्ट त्याने स्वतःहून मागितली होती. आणि मिळाली होती, एकोणीस मतांनी. पाच वाजेपर्यंत एक सही केली की संपलं.

दवाखान्याच्या ठरावाचा दिवस त्याला आठवला. तेव्हाही सगळं नियमात होतं. रुग्ण कमी, खर्च जास्त, पलीकडे मोठं इस्पितळ. त्याने हात वर केला तेव्हा त्याला जराही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नव्हतं. पण ठरावाआधी एकदा पूल ओलांडून तिथे जाऊन यावं, हेही त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

"मला कायदा कळतो," तो शेवटी म्हणाला. "कायद्याने ती मतं नसतीलही. पण ती त्यांनी दिलीत, हे मला आता माहीत आहे. माहीत नसतं तर मी सही केली असती. तू आत्याला आणायला नको होतंस."

"मी मूर्खच आहे."

"आहेस," दादा म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठला.

आत आत्याचं लिहून झालं होतं. वकिलांनी हरकतीचा कागद दादापुढे ठेवला, पेन उघडून दिलं. दादाने पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं.

"साहेब, नीट विचार केलात?" वकील म्हणाले.

"केला."

"पक्षाला मी काय सांगू?"

"सांगा की उमेदवाराने सही केली नाही. त्यांना फोन मीच करतो, तुमच्यावर येऊ देणार नाही."

वकिलांनी दोन्ही कागद गोळा केले. ते रागावले नव्हते, दमले होते. जाताना त्यांनी वहिनीकडे माशांची कृती मागितली.

वहिनी ताटं उचलत होती. दादा स्वयंपाकघरात तिच्यामागे गेला आणि पुसायचं फडकं हातात घेतलं.

"मी अजूनही म्हणते, तुम्ही चुकलात," ती नळाखाली हात धरून म्हणाली.

"असेन."

"आत्याबाईंसाठी केलंत?"

"नाही. ती तर लिहून मोकळी झाली."

वहिनीने धुतलेलं ताट त्याच्या हातात दिलं. त्याने ते पुसलं. तिने दुसरं दिलं.

"राजधानीत एकटे राहिला असतात तर ताटं कुणी धुतली असती?" तिने विचारलं.

"मीच."

"मग बरंच झालं. दोन दिवसांत सगळी फुटली असती."

*

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या दालनात भाऊ उभा राहिला. दादा गेला नाही. लिफाफे एकेक करून उघडले, कागद सपाट केले, दोन्ही बाजूंच्या माणसांना दाखवले. फार वेळ लागला नाही. सतरा कागद दादाचे निघाले. भाऊने त्यातले चार-पाचच धरले होते. सत्तेचाळीस डॉक्टरीणबाईंचे. एक कोरा होता. कुणीतरी काहीच न खुणावता निगुतीने घडी घालून पाठवला होता.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या, गमबूट घालूनच, कुठल्या तरी गोठ्यातून सरळ. निकाल वाचला गेला तेव्हा त्यांची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या मात्र गर्दीतून वाट काढत भाऊपाशी आल्या.

"काल पाच वाजेपर्यंत मी घड्याळाकडे बघत होते," त्या म्हणाल्या. मोठा आवाज या वेळी त्यांनी लहान केला होता. "तुमच्या भावाने हरकत का घेतली नाही?"

भाऊने काय सांगावं याचा विचार केला. "त्यालाच विचारा," तो म्हणाला. "तो घरी असतो. आता तर असेलच."

"येईन," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं मला त्यांच्याशी बोलायचंय. ते प्रकरण माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे."

*

दुपारी उन्हं कलायच्या आधी दादा टेकडीवर आला. आत्याची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात होती: पलंग, खुर्ची, फडताळ, आणि खिडकीतून खाली दिसणारं अंगण. आत्या खुर्चीत बसली होती. रेडिओ बंद होता. तिने तो मुद्दामच लावला नव्हता.

"सांग," ती म्हणाली.

"पडलो."

"कितीने?"

"अकरा."

आत्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "सुटले बाई."

"म्हणजे?"

"एकाने पडला असतास तर? रात्रभर मला तेच दिसत होतं. एका मताने पडलास, आणि घरीदारी सगळे मला विचारतायत. वहिनी तर तोंडाने काही बोलली नसती, नुसते मासे वाढत राहिली असती."

दादा हसला. कित्येक दिवसांनी असा हसला. बसलेल्या आवाजामुळे ते खोकल्यासारखं वाटलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"सतरा जणांनी इथून मला मत दिलं," तो म्हणाला. "कुणी, काही कळत नाही."

"कळून काय करणार आहेस? असतील कुणी. मी माझं नाही दिलं, पण तुझ्याबद्दल वाकडं कुणाला बोलू दिलं नाही. दोन्ही करता येतं."

"राग आला होता मला काल," दादा म्हणाला. "तू म्हणालीस तेव्हा."

"यायलाच हवा. अजून आहे?"

"थोडा."

"राहू दे थोडा." तिने त्याचा गुडघा थोपटला, जसा लहानपणी ताप उतरल्यावर थोपटे. "वहिनी काय म्हणते?"

"म्हणते, चुकलात. काल म्हणाली, आज सकाळी उठल्यावर पुन्हा म्हणाली."

"जमिनीचं तिने मला दोन वर्षांपूर्वीच का नाही सांगितलं? मी तिच्याशी भांडले असते, आणि महिन्याभरात सगळं मिटलं असतं. तुमच्यावर उगाच रुसून बसले. कधी येते ती? मला तिच्याशी बोलायचंय."

"ती खाली गाडीत बसलीय."

"खाली? आणि तू इथे पाय पसरून बसलायस?"

"तिला म्हटलं चल वर. म्हणाली, त्यांना मला बघायचं असेल तर मग येईन."

आत्या उठली. काठी घेतली, केस हाताने सारखे केले. दादा तिला धरायला पुढे झाला, तर तिने हाताने त्याला मागे सारलं.

"तू इथेच थांब," ती म्हणाली. "तुझ्यासमोर ती पुन्हा तुझ्याकडेच बघून बोलेल."

तो खिडकीशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत्या खालच्या दारातून बाहेर पडताना दिसली. अंगण ओलांडून ती गाडीपाशी गेली आणि काठीने काचेवर टकटक केली. वहिनी घाईने उतरली, वळसा घालून आली, दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. आत्या आत बसली. वहिनी परत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि दोन्ही दारं बंद झाली.

वरून त्याला फक्त त्यांचे हात दिसत होते. आधी आत्याचे, मग वहिनीचे, मग दोघींचे एकदम. काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. त्याने आत्याची खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बसला. त्याला कुठे जायची घाई नव्हती.